ब्याण्णवला सुरू, सत्त्याऐंशीला बंद

पहिल्या भेटीतच त्यानं माझं मनगट धरलं. तेही न विचारता, भर चौकात.

मी वळून चांगले खडे बोल सुनावणार होते. पण त्याच हातात माझं फडकं होतं, फडक्याखाली रेडिएटरचं झाकण होतं आणि बॉनेटखालून वाफेचे लोट निघत होते. त्यामुळे माझी बाजू जरा लंगडी होती.

"आत्ता उघडलंत," तो शांतपणे म्हणाला, "तर पुढचे चार महिने पूर्ण बाह्यांचे कपडे घालावे लागतील."

"आणि नाही उघडलं तर?"

"तर अर्धा तास बसावं लागेल. हे समोरच आमचं दुकान. खुर्ची आहे, पंखा आहे..." त्यानं बॉनेटखाली डोकावून पाहिलं. "तुमच्या गाडीचा पंखा मात्र फिरत नाहीये."

मग त्याला मनगटाची आठवण झाली आणि त्यानं ते इतक्या घाईनं सोडलं, की झाकणाऐवजी मीच तापले असावे असं कुणालाही वाटलं असतं.

गाडी बाबांची. लाल, दोन सीटची, जमिनीला पोट घासेल इतकी बुटकी आणि माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. बाबांनी ती लग्नाआधी जुनीच विकत घेतली, तेव्हा आजोबांनी त्यांच्याशी तीन महिने अबोला धरला होता म्हणे. बाबा नकाशे आखायच्या ऑफिसात होते. आठवडाभर मान मोडून रेषा मारायच्या आणि शनिवारी सकाळी आईला शेजारी बसवून डोंगरावरच्या तळ्यापर्यंत जाऊन यायचं, हा त्यांचा नेम. लहानपणी मी त्या गाडीवर दात खायचे, कारण तिच्यात माझ्यासाठी जागाच नव्हती.

दोन वर्षांपूर्वी तो नेम मोडला. आईचे गुडघे धरले. या गाडीत बसायचं म्हणजे विहिरीत उतरायचं, असं म्हणून तिनं बसणं सोडलं. बाबा एकटे जायला लागले आणि गाडी उकळायला लागली. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा थेट पुलाच्या मधोमध. मागून भोंगे, शेजारून शिव्या, शेवटी चार अनोळखी माणसांनी ढकलून ती कडेला लावली. त्या दिवशी बाबांनी किल्ली शिवणयंत्राच्या खणात टाकली. त्यानंतर ते घरातसुद्धा भिंतीला हात लावत चालायला लागले. डोळे, पाय, सगळं ठणठणीत होतं. तरीही.

एका हॉटेलवाल्यानं गाडी मागितली होती. दाराशी चौथऱ्यावर मांडायला, शोभेसाठी. येत्या रविवारी सकाळी तो ती उचलून नेणार होता. मी भांडले, रुसले, जेवले नाही, आणि शेवटी बाबांकडून एक कबूल करून घेतलं : शनिवारी गाडी न उकळता तळ्यापर्यंत जाऊन आली, तर सौदा मोडायचा. बाबा 'बरं' म्हणाले. त्या 'बरं'मध्ये काही जीव नव्हता. मला गाडी वाचवायची नव्हती, बाबांना वाचवायचं होतं. आणि तो सोमवार होता, आणि गाडी घरापासून दोन किलोमीटरवर उकळली होती.

हे सगळं मी त्या दुकानातल्या खुर्चीवर बसून एका परक्या माणसाला सांगून टाकलं. माझा स्वभाव असा नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक आहे मी. मोजून मापून बोलायची सवय आहे. पण तो ऐकत होता. लोक ऐकतात तेव्हा पुढचं वाक्य जुळवत असतात... हा नुसताच ऐकत होता.

दुकान जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचं, त्याच्या मामांचं. छतापर्यंत लाकडी खण, प्रत्येकावर चिठ्ठी. मामा डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी गेले होते, म्हणून आठवडाभर गल्ल्यावर एकटा भाचाच.

गाडी निवल्यावर त्यानं बाह्या सरसावल्या. इंजिनावरचं एक टोपण काढलं, आत बोट घातलं आणि हसला.

"इथे थर्मोस्टॅट असायला हवा. नाहीये."

मी अभिमानानं सांगितलं, की तो बाबांनी मुद्दाम काढलाय. आपल्याकडच्या उन्हात तो कशाला, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

"तो कुणीतरी मला सगळीकडे भेटतो," तो म्हणाला. "थर्मोस्टॅट म्हणजे दरवाजा. इंजिन पुरेसं तापेपर्यंत पाण्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही, तापलं की उघडतो. दरवाजाच काढला, तर मोकळ्या रस्त्यावर गाडी थंडगार राहणार आणि पेट्रोल पीत राहणार. आणि गर्दीत उकळायची ती उकळणारच. तिथे पंखा लागतो. पंखा कोण लावतं?"

आपोआप लागतो, असं मी म्हटलं. बाबांनीच तसं सांगितलं होतं.

तो वाकून पंख्याची वायर हातानं चाचपत गेला. वायर रेडिएटरमधल्या स्विचला जोडलेलीच नव्हती. ती आत शिरून, डॅशबोर्डखालून, ड्रायव्हरशेजारच्या सीटपाशी निघाली. तिथे एक छोटं काळं बटण होतं. त्यानं ते दाबलं. पंखा घरघरत सुरू झाला.

"आपोआप नाही," तो म्हणाला. "हे कुणीतरी दाबत होतं."

घरी जाऊन मी ते बटण जाहीर केलं, तेव्हा बाबा म्हणाले, कसलं बटण? आणि आई भाजी निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली, "ते होय. ते मी दाबायचे."

बाबांनी हातातला पेपर खाली ठेवला.

"तुम्ही ऑफिसात होतात," आई म्हणाली. "इलेक्ट्रिशियन म्हणाला, स्विच गेलाय, नवा मिळत नाही, तोवर हे बटण. गाडी थांबली की लावा, सुटली की बंद करा. मग तोवर तोवर करत... बावीस वर्षं झाली."

"मला बोलली नाहीस कधी."

"तुम्ही विचारलंत कधी?"

बाबा कितीतरी वेळ आईच्या हाताकडे बघत राहिले.

बुधवारी मी शाळा सुटल्यावर दुकानात गेले. गुरुवारीही गेले. गुरुवारी जायची काही गरज नव्हती.

थर्मोस्टॅट आणि पंख्याचा स्विच ही जोडी असते, सुटा सुटा विचार करायचा नाही, हे त्यानं मला काउंटरवर जुना कॅटलॉग पसरून समजावलं. कॅटलॉग एकच होता, अक्षर बारीक होतं, त्यामुळे दोन डोकी जवळ आणावी लागली. या गाडीला दोन थर्मोस्टॅट बसायचे. एक अठ्ठ्याऐंशी अंशांना उघडणारा, थंड मुलखासाठी. दुसरा ब्याऐंशीला. आपल्याला ब्याऐंशीचा. आता पंखा त्या आकड्याच्या वर लागायला हवा आणि बंदही त्या आकड्याच्या वरच व्हायला हवा. खाली बंद होणारा घेतला तर दरवाजा पाणी तेवढं गार होऊच देणार नाही आणि पंखा दिवसभर फिरत बसेल, बॅटरी संपेपर्यंत. फार वरचा घेतला, तर जुनं रेडिएटर, जुने पाइप, जुनं झाकण... पंखा जागा होण्याआधीच पाणी बाहेर.

"म्हणून ब्याण्णवला सुरू, सत्त्याऐंशीला बंद," तो म्हणाला. "ना घाई, ना उशीर."

"तुम्ही सगळ्या गिऱ्हाइकांना इतकं समजावता?"

"नाही." त्यानं पान उलटलं. उलटायची गरज नव्हती, आम्हाला हवं ते त्याच पानावर होतं. "बाकीचे 'हो हो' म्हणतात. तुम्ही 'का' म्हणता."

मी कॅटलॉगमधल्या आट्यांच्या मापांकडे फार लक्ष देऊन पाहिलं. कान मात्र तापले होते.

माल शुक्रवारी संध्याकाळी यायचा होता. त्यानं फोन नंबर मागितला, आला की कळवतो म्हणून. मी दिला नाही. नंबर बिलासाठी हवा होता की कशासाठी ते त्याला धड सांगता येईना, आणि त्याची ती तारांबळ बघायला मला मजा वाटत होती. मीच येईन, म्हटलं.

शुक्रवारी गेले, तेव्हा दोन डबे काउंटरवर तयार होते. तिसराही एक होता, दुसऱ्या कुणाच्या गाडीचा. त्यानं नेहमीचा सल्ला दिला : लावायच्या आधी दोन्ही गोष्टी पाण्यात तापवून, थर्मामीटर धरून तपासा. डब्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, दुकानदारावर तर मुळीच नको. मी हसले. तो पिशवी भरायला लागला आणि माझ्या तोंडून निघून गेलं :

"उद्या तुम्ही येता का तळ्यावर? म्हणजे... काही बिघडलं तर, म्हणून."

त्याचा हात थांबला. तो डब्यांकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, मग पुन्हा डब्यांकडे.

"उद्या... दुकान आहे. मामा नाहीत."

"अर्थात," मी म्हटलं, पिशवी उचलली आणि निघाले. अर्थात म्हणताना आवाज फार नीट आला. तेवढीच माझी लाज राहिली.

घरी मी स्टीलच्या पातेल्यात पाणी चढवलं. प्रयोगशाळेतला थर्मामीटर आणला होता. स्विचच्या दोन टोकांना बॅटरी आणि छोटा दिवा जोडला. पारा चढत गेला, ब्याऐंशीला थर्मोस्टॅटनं हळूच तोंड उघडलं, आणि आईनं 'अगं बाई' म्हणून कौतुक केलं. मग आम्ही दिव्याकडे बघत बसलो. नव्वद. ब्याण्णव. पंचाण्णव. पाणी खदखदायला लागलं, दिवा ढिम्म. डबा डोळ्यांजवळ नेला तेव्हा दिसलं : शेवटचा आकडा वेगळा होता. त्यानं तिसऱ्या डब्यातला स्विच दिला होता, शंभराच्या वर लागणारा.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. दुकान बंद झालेलं, त्याचा नंबर नाही, माझा त्याच्याकडे नाही. नंबर न देण्याची मजा माझ्या चांगलीच अंगाशी आली होती. बाबांना उन्हाच्या आत, सातला निघायचं होतं. "झालं ना मग," बाबा म्हणाले, "नकोच." आणि ते भिंतीला हात लावत खोलीकडे वळले.

"थर्मोस्टॅट बसव," आई मला म्हणाली. "बटण आहे अजून जागेवर?"

"आहे."

"मग मी जाते."

सकाळी आईला त्या सीटवर उतरवायला दहा मिनिटं लागली. एक हात बाबांच्या खांद्यावर, एक माझ्या, मध्ये एकदा ती हसायला लागली आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं. बसल्यावर तिनं न बघता हात खाली नेला. बोट बरोबर बटणावर गेलं. बाबांनी किल्ली फिरवली. तिसरी सीट नव्हतीच. मी फाटकात उभी राहून गाडी वळणाआड जाईपर्यंत बघत राहिले आणि मग तो चुकीचा स्विच मुठीत धरून दुकानाकडे निघाले. त्याला काय काय ऐकवायचं ते वाटेत पाठ केलं.

दुकान बंद होतं. शटरवर कागद चिकटवलेला, अक्षर घाईतलं :

'लाल दोन सीटच्या गाडीवाल्या मॅडम, तो स्विच लावू नका. चूक माझी आहे. मी तळ्यावर तुमच्याकडेच येतोय. बाकी गिऱ्हाइकांनी सोमवारी यावं.'

शेजारचा किल्लीवाला मला वरपासून खालपर्यंत बघत म्हणाला, की इतक्या वर्षांत हे दुकान शनिवारी बंद पाहिलं नव्हतं. पहाटेच आला होता म्हणे, माल तपासताना काहीतरी दिसलं आणि मोटरसायकलला लाथ मारून गेला. मग, लाल गाडीवाल्या मॅडम तुम्हीच का, असंही त्यानं विचारलं. मी नाही म्हटलं आणि कागद काढून, घडी घालून पर्समध्ये ठेवला. त्याला जे समजायचं ते समजलं.

पाठ केलेलं सगळं विसरले. पायरीवर बसले. डोंगरावर फोन लागत नाही. नऊ वाजले, साडेनऊ झाले. आईचे गुडघे, चढणीवरची वळणं, बाबांचे ते पुलावरचे पांढरेफटक ओठ, सगळं डोळ्यांपुढे येत होतं. गाडी उकळली, तर उद्या ती चौथऱ्यावर चढेल आणि बाबा खुर्चीत बसतील ते बसतीलच. हे मी एकटीनं मांडलेलं सगळं. किल्लीवाल्यानं चहा आणून ठेवला. तो निवला.

सव्वादहाला चौकात लाल नाक दिसलं.

गाडी हळू येत होती, पण ऐटीत. बाबांचा एक हात स्टिअरिंगवर, कोपर खिडकीबाहेर. शेजारी आई, केस विस्कटलेले. मागून त्याची मोटरसायकल. वाफ नाही. कुठेही वाफ नाही. मी उठून उभी राहिले आणि माझा जीव भांड्यात पडला.

बाबांनी गाडी दुकानासमोर आणून थांबवली, इंजिन चालू ठेवून. आम्ही चौघं काट्याकडे बघत राहिलो. काटा सरकत सरकत वर गेला. आईचा हात सवयीनं बटणाकडे निघाला, आणि तेवढ्यात पंखा सुरू झाला. आपोआप. थोड्या वेळानं काटा खाली आला आणि पंखा बंदही झाला, जसं ठरलं होतं तसा. त्यानं वर तळ्याकाठी अर्धा तास गाडी निवू देऊन योग्य स्विच बसवला होता.

आईनं हात मांडीवर ठेवला. "आता मी काय करू?"

"काही करू नकोस," बाबा म्हणाले. "नुसती बस. बोलत राहा माझ्याशी."

मग त्यांनी गाडीत बसल्या बसल्याच हॉटेलवाल्याला फोन लावला. सौदा मोडल्याबद्दल माफी मागितली, आणि दाराशी मांडायला फुलझाडांच्या कुंड्या फार छान दिसतील असं सुचवलं. आईनं मला डोळ्यांनीच काहीतरी विचारलं, उत्तराची वाट न बघता 'सावकाश ये घरी' म्हणाली, आणि दोघं गेली. चौकातल्या सिग्नलला बाबा काहीतरी सांगत होते आणि आई हसत होती.

आम्ही दोघंच उरलो. त्याच्या शर्टाला ग्रीस लागलं होतं आणि चेहरा गुन्हेगाराचा होता.

"काल तुम्ही विचारलंत, तळ्यावर येता का," तो म्हणाला. "मी नाही म्हटलं. ती पहिली चूक. मग डबे दिसेनासे झाले... स्विच ही दुसरी."

"तिसरी आहे का?"

"आहे." त्यानं मान खाली घातली. "काकूंनी विचारलं, एका स्विचसाठी दुकान बंद करून इतक्या लांब कसा आलास? आणि मी खरं सांगून टाकलं. की स्विचसाठी नाही आलो. म्हणजे... मला तू आवडतेस, हे तुझ्याआधी त्यांना कळलं."

"बाबा काय म्हणाले?"

"म्हणाले, आधी तो स्विच घट्ट कर."

मी ओठ दाबून धरले. "आणि आई?"

"त्या म्हणाल्या, तिला विचार. माणसं न विचारता वर्षं काढतात." या वेळी त्यानं डबे, पान, काहीच मध्ये घेतलं नाही, सरळ माझ्याकडे पाहिलं. "म्हणून विचारतोय. चालेल तुला... मी?"

अशा वेळी काहीतरी सुरेख सुचेल अशी माझी लहानपणापासूनची कल्पना होती. आठवडाभर छातीवर धरून ठेवलेलं ओझं उतरलं होतं, बाबा हसत घरी चालले होते, आणि हा माणूस शनिवारचं दुकान बंद करून, धुळीनं माखून, उत्तराची वाट बघत उभा होता.

"हो," मी म्हटलं. आणि मला इतकं, इतकं हायसं वाटलं, की मी त्या पायरीवर पुन्हा बसले, आणि तोही शेजारी बसला.